आपलं पुस्तक दुसऱ्याने आधी लिहिलं तर?

लिहिणाऱ्या माणसाच्या मनात एक भीती असते, आणि बहुतेक जण ती उघडपणे बोलून दाखवत नाहीत. एखाद्या विषयावर दोन-तीन वर्षं टिपणं काढलेली असतात, काही प्रकरणं लिहून झालेली असतात. अशा वेळी रविवारच्या पुरवणीत किंवा एखाद्या प्रकाशकाच्या जाहिरातीत तोच विषय, तीच व्यक्ती आणि जवळपास तीच मांडणी दिसते. काही जण तिथेच हस्तलिखित बासनात गुंडाळून ठेवतात. काही जण इतके सावध होतात की पुढे आपला विषय कुणाला सांगतच नाहीत. काही जण दुसऱ्याच्या आधी पोचायचं म्हणून कच्चा मजकूर छापायला देतात. तिन्ही वाटांनी नुकसान पुस्तकाचंच होतं.

या भीतीत तथ्य किती, हे नीट तपासता येतं. एकच विषय दोघांना का सुचतो, विषय आणि पुस्तक यांत नेमकं अंतर काय, कायदा कशाचं रक्षण करतो, बाजारात दुसऱ्या क्रमांकाने आलेल्या पुस्तकाचं काय होतं आणि अशी वेळ आलीच तर काय करावं, हे एकेक करून पाहू.

एकच विषय दोघांना का सुचतो

विज्ञानाच्या इतिहासात या भीतीचं एक मोठं उदाहरण आहे. चार्ल्स डार्विनने नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताचा पहिला आराखडा 1842मध्ये लिहिला आणि 1844मध्ये तो वाढवून दीर्घ निबंध तयार केला. पण छापला नाही. मधली आठ वर्षं तो समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नेकल या जिवांच्या अभ्यासात होता. लायेल या भूवैज्ञानिक मित्राने त्याला 1856मध्ये बजावलं होतं की आता छाप, नाहीतर दुसरा कुणी तरी पुढे जाईल. डार्विनने मोठा ग्रंथ लिहायला घेतला. तो अर्धवट असतानाच 1858च्या जूनमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसचं पाकीट त्याच्या हाती आलं. वॉलेस तेव्हा आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवर प्राणी आणि कीटक गोळा करत फिरत होता. त्याने पाठवलेल्या निबंधात तोच सिद्धांत होता.

वॉलेसने डार्विनचं काही चोरलेलं नव्हतं. दोघांनीही बेटांवरचे प्राणी जवळून पाहिले होते. लोकसंख्या आणि अन्न यांच्या ओढाताणीवरचा माल्थसचा निबंध दोघांनीही वाचलेला होता. जुन्या जीवाश्मांचा आणि खडकांच्या थरांचा अभ्यास त्या काळात बराच पुढे गेला होता. एकच साहित्य दोन तल्लख माणसांसमोर ठेवलं गेलं आणि दोघंही एकाच निष्कर्षाला आले. असं वारंवार घडतं, हे समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. ऑगबर्न आणि थॉमस या अमेरिकन अभ्यासकांनी 1922मध्ये एकाहून अधिक जणांनी स्वतंत्रपणे लावलेल्या 148 शोधांची यादीच छापली. रॉबर्ट मर्टनने 1961मध्ये त्यापुढे जाऊन मांडलं की विज्ञानात असे जोडशोध हाच नियम समजावा.

साहित्यातही विषय असेच पिकतात. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात छापून आले. जे कागद पाहायला दफ्तरात बसावं लागत होतं, ते ग्रंथालयात मिळू लागले. पुढे 1960नंतर पेशवाईवरच्या कादंबऱ्या एकापाठोपाठ आल्या. रणजित देसाईंची ‘स्वामी’ 1962ची, ना. सं. इनामदारांची ‘झेप’ 1963ची, त्यांचीच ‘राऊ’ 1972ची. यात कुणी कुणाच्या मागावर नव्हतं. साधनं समोर आली होती, महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आपल्या इतिहासाबद्दलचं कुतूहल वाचकांमध्ये जागं होतं.

म्हणून तुमचा विषय दुसऱ्याकडे दिसला, तर पहिला संशय चोरीचा घेऊ नका. एखाद्या व्यक्तीची शताब्दी जवळ आलेली असते, कुणाची तरी पत्रं नुकतीच प्रसिद्ध झालेली असतात, एखाद्या खटल्याची कागदपत्रं खुली झालेली असतात. तुम्हाला जे दिसलं ते आणखी चार जणांना दिसणार. त्यातले बहुतेक जण लिहिणार नाहीत. एखादाच लिहील, आणि तो स्वतःच्या कारणांसाठी लिहील.

विषय वेगळा, पुस्तक वेगळं

मराठी लेखनाच्या परंपरेत ही भीती फार जुनी नाही. मुक्तेश्वरांनी महाभारत मराठीत आणलं. त्यांच्यानंतर श्रीधरांनी ‘पांडवप्रताप’ रचला आणि मोरोपंतांनी ‘आर्याभारत’. रामकथा एकनाथांनी सांगितली, श्रीधरांनी ‘रामविजया’त सांगितली, आणि मोरोपंतांच्या नावावर तर 108 रामायणं सांगितली जातात. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट आधीच ठाऊक असतो. बुवा ते कसं लावून धरतात, पूर्वरंगातला विचार उत्तररंगातल्या कथेत कसा आणून सोडतात, हे ऐकायला तो येतो. विषय नवा असलाच पाहिजे हा आग्रह छापखाना, कादंबरी आणि स्वामित्वहक्क यांच्यासोबत बळावला.

एका विषयातून दोन पुस्तकं किती वेगळी निघतात, याचं सर्वांत बोलकं उदाहरण ययातीचं आहे. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ 1959मध्ये आली. गिरीश कर्नाडांचं ‘ययाति’ हे कन्नड नाटक 1961मध्ये छापून आलं. मधलं अंतर जेमतेम दोन वर्षांचं. दोघांचा स्रोत महाभारतातलं उपाख्यान. शुक्राचार्यांचा शाप, अकाली म्हातारपण, मुलाकडून घेतलेलं तारुण्य, हा सांगाडाही तोच. नावसुद्धा एकच.

आता आत डोकावून पाहू. खांडेकरांनी कथा ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितली. प्रत्येक जण स्वतःच्या बाजूने बोलतो आणि वाचकाला तिघांच्या मधून वाट काढावी लागते. कचाला त्यांनी संयमाचा आणि चिंतनाचा मोठा आधार म्हणून उभं केलं. स्वातंत्र्यानंतर सुखामागे धावू लागलेल्या समाजाची चिंता त्या पौराणिक कथेत त्यांनी ओतली. कर्नाड तेव्हा जेमतेम विशीतले, ऑक्सफर्डला निघालेले. त्यांना भिडला तो पुरू, म्हणजे बापाचं म्हातारपण अंगावर घेणारा मुलगा. मूळ कथेत नसलेली चित्रलेखा ही पुरूची बायको त्यांनी निर्माण केली. पुरूच्या त्यागाचा गौरव सगळे करतात, पण त्या त्यागाची किंमत त्याच्या नव्या नवरीने का मोजायची, हा प्रश्न त्यांनी तिच्या तोंडी घातला, आणि तिच्या आत्महत्येने नाटकाचा तोल बदलून टाकला. एका पुस्तकाचं केंद्र उपभोग घेणारा राजा, तर दुसऱ्याचं केंद्र त्याच्या उपभोगाची किंमत चुकवणारी पुढची पिढी. एक वाचलं म्हणून दुसरं वाचायची गरज उरत नाही, असं कोणताही वाचक म्हणणार नाही.

यावरून एक तपासणी करता येते. कोणत्याही पुस्तकाचे पाच थर मानू. पहिला थर विषयाचा: ययाती, कर्ण, गिरणगाव, दुष्काळ. दुसरा घटनाक्रमाचा: काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं. तिसरा दृष्टिकोनाचा: कोण सांगतंय, कुणाच्या बाजूने सांगतंय. चौथा रचनेचा: कुठून सुरू करायचं, काय गाळायचं, काय ताणायचं. पाचवा भाषेचा: वाक्याची चाल, बोली, कुठे थांबायचं ते. पहिला थर सर्वांचा असतो. विषय ऐतिहासिक किंवा पौराणिक असेल तर दुसराही बराचसा सर्वांचाच. तिसऱ्या थरापासून पुढे लेखक दिसू लागतो, आणि पाचव्या थरात तर दुसऱ्या कुणाला शिरताच येत नाही.

कर्णाच्या बाबतीत हे मराठीत पुन्हा दिसलं. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967मध्ये आली आणि अफाट वाचली गेली. त्याआधी हिंदीत दिनकरांचं ‘रश्मिरथी’ होतं. बंगालीत रवींद्रनाथांचा कर्ण आणि कुंती यांच्यातला संवाद होता. इतकं असतानाही रणजित देसाईंनी 1973मध्ये ‘राधेय’ लिहिली. सावंतांनी कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण यांना आळीपाळीने बोलायला लावून विशाल पट मांडला होता. त्याच्या शेजारी देसाईंचा आटोपशीर, एकाकी कर्ण उभा राहिला. सहा वर्षांपूर्वी एवढी गाजलेली कादंबरी आलेली असताना त्याच माणसावर लिहायला बसणं हे धाडस होतं. मराठी वाचकाने दोन्ही कादंबऱ्या घरात ठेवल्या.

कायदा कशाला जपतो

भारताचा स्वामित्वहक्क कायदा 1957चा आहे. त्याचा गाभा असा: कल्पनेवर कुणाची मालकी नसते, कल्पनेच्या आविष्कारावर असते. हे तत्त्व आपल्याकडे एका खटल्यामुळे पक्कं झालं, आणि तो खटला या भीतीतूनच उभा राहिला होता.

आर. जी. आनंद हे व्यवसायाने वास्तुविशारद, आणि नाटककारही. त्यांनी 1953मध्ये ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिलं. एक पंजाबी कुटुंब, एक मद्रासी कुटुंब, त्यांच्या मुलांचं प्रेम आणि प्रांताभिमानाने आलेली आडकाठी, असा त्याचा विषय. नाटक दिल्लीत रंगभूमीवर आलं. चित्रपट दिग्दर्शक मोहन सहगल यांना आनंदांनी ते सविस्तर ऐकवलं. पुढे 1956मध्ये सहगलांचा ‘नई दिल्ली’ हा चित्रपट आला. त्यातही पंजाबी मुलगा, दक्षिणेतली मुलगी आणि प्रांताभिमान होता. आनंद न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात आणि उच्च न्यायालयात ते हरले, आणि 1978मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या विरोधात निकाल दिला.

निकालाची कारणं प्रत्येक लेखकाने समजून घ्यावीत अशी आहेत. न्यायालय म्हणालं की कल्पना, विषय, आशयसूत्र, कथानक, ऐतिहासिक किंवा पौराणिक तथ्य यांवर स्वामित्वहक्क असू शकत नाही. एकच कल्पना दोघांनी मांडली तर थोडंफार साम्य येणारच. पाहायचं ते एवढंच की दोन्ही कृती वाचल्या-पाहिल्यावर सामान्य माणसाच्या मनावर ‘ही त्याचीच नक्कल आहे’ असा निःसंदिग्ध ठसा उमटतो का. चित्रपटात भाड्याने घर देतानाचा प्रांतभेद होता, हुंड्याचा प्रश्न होता. नाटकात ते नव्हतं. प्रसंगांची मांडणीही वेगळी होती. म्हणून ती नक्कल ठरली नाही.

परदेशातही वाट हीच आहे. ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने आपल्या 1982च्या संशोधनपर पुस्तकातली मध्यवर्ती मांडणी उचलली, असा दावा त्या पुस्तकाच्या तीनपैकी दोन लेखकांनी लंडनमध्ये केला. तो 2006मध्ये फेटाळला गेला आणि पुढच्या वर्षी अपीलही गेलं. इतिहासाबद्दलचं अनुमान एकदा छापून झालं की दुसऱ्या लेखकाला त्यावर कादंबरी रचता येते.

हे ऐकून अनेकांना वाईट वाटतं. पण दुसरी बाजू पाहा. कल्पनेवर मालकी मिळत असती, तर खांडेकरांनंतर कर्नाडांना लिहिता आलं नसतं, सावंतांनंतर देसाईंना नाही. दुसऱ्याला मिळालेली ती मोकळीक तुम्हालाही मिळालेली आहे.

कायद्यात एक वेगळी वाट मात्र आहे, आणि ती चित्रपट-मालिकांच्या जगात विशेष उपयोगाची ठरते. तुम्ही कल्पना कुणाला विश्वासाने, व्यवहाराच्या बोलणीत सांगितली, ती पुरेशी ठोस होती आणि समोरच्याने परस्पर वापरली, तर तो विश्वासभंग ठरू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2003मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात हे मान्य केलं. एका निर्मितीसंस्थेने बालकृष्णाच्या कथेला आधुनिक रूप देणाऱ्या मालिकेची तपशीलवार संकल्पना वाहिनीला सांगितली होती, आणि न्यायालयाने तिला संरक्षण दिलं. त्यामुळे निर्मात्याकडे जाताना तोंडी सांगून येऊ नका. लेखी सारांश द्या, बैठकीनंतर काय बोलणं झालं त्याचा ईमेल पाठवा, पटकथा असेल तर मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा.

पुस्तकाचं नाव जपण्याच्या नादाला लागू नका. नुसत्या शीर्षकावर स्वामित्वहक्क नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015मध्ये स्पष्ट केलं आहे. मजकुराचा हक्क मात्र तो लिहिला गेला त्या क्षणी तुमचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली तर तंटा झाल्यास पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो, इतकंच. आणि हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो.

बाजाराचं काय

इथवर वाचून कुणी म्हणेल की कायदा आणि परंपरा ठीक, पण प्रकाशक काय म्हणेल? इथे गोड बोलून चालणार नाही. दुसऱ्या क्रमांकाने येण्याची किंमत कधीकधी खरोखर मोजावी लागते.

इंग्रजी कादंबरीच्या जगात 2004 साली याचा लख्ख प्रत्यय आला. हेन्री जेम्स या कादंबरीकाराच्या आयुष्यावर कोल्म टोबीनची ‘द मास्टर’ त्या वर्षीच्या वसंतात आली आणि डेव्हिड लॉजची ‘ऑथर, ऑथर’ सप्टेंबरमध्ये. जेम्सचं नाटक लंडनमध्ये 1895च्या जानेवारीत पहिल्याच प्रयोगाला पडलं आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, तो अपमान दोन्ही कादंबऱ्यांत आहे. टोबीनचं पुस्तक बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेलं, लॉजचं गेलं नाही. परीक्षणं आली ती बहुतेक दोघांची तुलना करणारी. आपल्या पुस्तकाला आपलं म्हणून पाहिलं गेलं नाही, हे दुःख लॉजने पुढे 2006मध्ये एका दीर्घ निबंधात सविस्तर लिहिलं.

याहून अवघड स्थिती मिखील हेन्स या दक्षिण आफ्रिकी लेखकाची झाली. त्याची कादंबरी जेम्सच्या टंकलेखिकेच्या नजरेतून लिहिलेली होती. ती त्याच सुमारास प्रकाशकांकडे फिरत होती, आणि जेम्सवरची पुस्तकं आधीच येताहेत या कारणाने परत येत होती. अखेर ती 2005मध्ये दक्षिण आफ्रिकेत निघाली. त्याच्यापुरती ही भीती खरी ठरली, आणि ‘चांगलं पुस्तक आपली वाट काढतंच’ असं त्याला सांगणं क्रूर ठरलं असतं.

मात्र नुकसान नेमकं कशामुळे झालं ते पाहायला हवं. विषय एक असल्यामुळे झालं त्यापेक्षा ते एकाच हंगामात, एकाच वाचकवर्गासमोर, एकाच परीक्षकांच्या टेबलावर आल्यामुळे जास्त झालं. त्यांतलं एक पुस्तक चार-पाच वर्षांनी आलं असतं तर तुलना इतकी बोचली नसती. विषयाचा धक्का काळाच्या ओघात ओसरतो आणि मग दोन्ही पुस्तकं आपापल्या गुणांवर उभी राहतात. लॉजने आपली कादंबरी जेम्सच्या मृत्युशय्येपासून सुरू केली होती आणि द्यू मोरिए या मित्राशी असलेलं त्याचं नातं केंद्रस्थानी ठेवलं होतं. टोबीनने नाटकाच्या त्या पराभवापासून सुरुवात करून मोजकी वर्षं निवडली होती. दोन्ही आज शांतपणे वाचली तर त्यांतली स्पर्धा जाणवत नाही.

विषय जिवंत असेल तर पहिलं पुस्तक पुढच्यांसाठी रस्ताही तयार करतं. डॉ. आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. त्या 1887मध्ये वारल्या आणि पुढच्याच वर्षी कॅरोलाइन हीली डॉल यांनी लिहिलेलं चरित्र बॉस्टनमध्ये निघालं. काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिलं ते 1912मध्ये. पहिल्या पुस्तकात एक अमेरिकन बाई परदेशातून आलेल्या मुलीकडे पाहते. दुसऱ्यात त्याच समाजात वाढलेली, लपूनछपून लिहायला-वाचायला शिकलेली मराठी लेखिका तिच्याकडे पाहते. श्री. ज. जोशींनी 1968मध्ये ‘आनंदी गोपाळ’ लिहिली, तेव्हा गोपाळरावांचा विक्षिप्त, हट्टी, तरीही बायकोला शिकवण्यासाठी झपाटलेला स्वभाव कादंबरीत प्रथम पूर्णपणे उतरला. पुढे अंजली कीर्तने यांनी कागदपत्रं धुंडाळून, अमेरिकेतल्या खुणा शोधून संशोधनपर चरित्र सिद्ध केलं. 2019मध्ये चित्रपट आला. प्रत्येक वेळी विषय ‘होऊन गेलेला’ होता. प्रत्येक वेळी आधीच्या पुस्तकात न मावलेलं काही तरी शिल्लक होतं.

संशोधकाचं गणित वेगळं

इथे एक फरक ठळकपणे सांगायला हवा. कादंबरीकाराला आणि कवीला तारखेचं महत्त्व कमी. पण नवा कागद, नवा शिलालेख किंवा नवा निष्कर्ष हाती असलेल्या संशोधकाला ते फार. सिद्धांत एकदाच पहिल्यांदा मांडता येतो. म्हणून डार्विनची घालमेल खरी होती.

अशा लेखकाने पूर्ण ग्रंथ होईपर्यंत सगळं दाबून ठेवू नये. हाती आलेल्या शोधाचा गाभा एका लेखात मांडून नियतकालिकात द्यावा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी ही शिस्त आपल्याकडे रुजवली: आधी टिपण, आधी कागदाचं वाचन, मग ग्रंथ. चांगल्या दिवाळी अंकातला लेखही हे काम करतो. तारीख छापली जाते, जाणकारांना कळतं की अमुक माणूस या विषयावर काम करतोय, आणि बऱ्याचदा त्यांच्याकडूनच आणखी कागद मिळतात.

प्रत्यक्षात वेळ आली तर

समजा, तुमच्या विषयावरचं पुस्तक खरोखरच बाहेर आलं. मग पुढच्या गोष्टी या क्रमाने करा.

पहिली गोष्ट, मलपृष्ठ आणि जाहिरात वाचून निर्णय घेऊ नका. तिथे फक्त पहिला थर असतो, आणि तो तर सर्वांचाच आहे. विषय सारखा म्हणून पुस्तकही सारखं वाटतं, ते पान उघडेपर्यंतच.

दुसरी, ते पुस्तक वाचण्याआधी स्वतःच्या पुस्तकाबद्दल एक पान लिहा. मी हे कुणाच्या नजरेतून सांगतोय, कुठून सुरू करतोय, कोणता प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. दुसऱ्याची मांडणी डोक्यात शिरण्याआधी स्वतःची कागदावर असली पाहिजे. पुढे कुणी शंका घेतली तर तारखेनिशी जपलेलं हे पान आणि जुने खर्डे पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

तिसरी, कधी वाचायचं ते ठरवा. कथा-कादंबरीवाल्याने पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत ते पुस्तक बाजूला ठेवलं तरी चालेल. आपल्या नकळत दुसऱ्याची चाल उचलण्यापेक्षा ते बरं. चरित्र, इतिहास किंवा माहितीपर लेखन करणाऱ्याला मात्र ही सूट नाही. त्याने ते ताबडतोब आणि पेन्सिल हातात घेऊन वाचलं पाहिजे.

चौथी, वाचून झाल्यावर पाच थरांची तुलना करा. फक्त विषय आणि घटना जुळत असतील तर पुढे चला. दृष्टिकोनही जुळत असेल तर थांबून विचार करा. या कथेत आजवर कुणी बोलायला लावलेलं नाही असं कोण आहे? कर्नाडांना चित्रलेखा सापडली ती याच प्रश्नाच्या जागी. तिसरा थर बदलला की चौथा आणि पाचवा आपोआप बदलतात, आणि अनेकदा पुस्तक पहिल्यापेक्षा खोल होतं. आणि प्रसंगांचा क्रम, संवाद, वाक्यंच्या वाक्यं जुळताना दिसली, आणि तुमचा खर्डा त्या लेखकाच्या हाती गेलेला असेल, तर तो कल्पनेचा मामला राहिला नाही. तिथे वकिलाकडेच जावं.

पाचवी, घाई करू नका. समोरचं पुस्तक ताजं असताना त्याच्या पाठीवर आपलं आणलं तर तुलनेचं ओझं सगळ्यात जास्त. प्रकाशकाशी मोकळेपणाने बोलून वर्ष-दीड वर्षाचं अंतर ठेवा आणि तो वेळ हस्तलिखितावर घालवा.

सहावी, लपवाछपवी सोडा. जो माणूस चारशे पानांची कादंबरी लिहू शकतो, त्याला स्वतःचेच विषय पुरून उरतात. तुमच्या कल्पनेसाठी तो आयुष्याची तीन वर्षं क्वचितच देईल. विषय कुणालाच न सांगणाऱ्या लेखकाला त्या विषयातला जाणकार भेटत नाही, आणि घराण्यातली जुनी पत्रं कुणी काढून देत नाही. चुका दाखवणारा पहिला वाचकही त्याला मिळत नाही. दोन-तीन भरवशाची माणसं निवडा आणि त्यांना सगळं सांगा.

सातवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती स्वभावाची आहे. जो आधी आला त्याचं ऋण मान्य करा. वॉलेसचं पाकीट मिळाल्यावर डार्विन ते दडपू शकला असता. त्याने तसं केलं नाही. लायेल आणि हूकर या मित्रांच्या पुढाकाराने 1 जुलै 1858 रोजी लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. मोठा ग्रंथ बाजूला ठेवून डार्विनने त्याचा सारांश म्हणून जे पुस्तक लिहिलं ते 1859च्या नोव्हेंबरमध्ये आलं, आणि प्रस्तावनेतच त्याने वॉलेसचं नाव घेतलं. वॉलेसनेही कधी कडवटपणा धरला नाही. आपला मलय द्वीपसमूहावरचा ग्रंथ त्याने 1869मध्ये डार्विनला अर्पण केला. त्या पाकिटाने डार्विनची इतक्या वर्षांची चालढकल संपवली, आणि लोकांनी वाचावं असं आटोपशीर पुस्तक त्याच्याकडून लिहून घेतलं.

आपल्या प्रस्तावनेत आधीच्या पुस्तकाचं नाव आदराने घ्या, त्यातून काय मिळालं ते सांगा, आणि कुठे तुमची वाट वेगळी होते तेही स्पष्ट लिहा. यात कमीपणा नाही. आनंदीबाईंवरचं एक पुस्तक ज्याने मनापासून वाचलं आहे, तोच त्यांच्यावरचं दुसरं पुस्तक हातात घेण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ज्या लेखकाला तुम्ही प्रतिस्पर्धी समजत होता, त्याने तुमचा वाचक तयार करून ठेवलेला असतो. त्या वाचकाला उरलेलं सांगायचं काम तुमचं आहे, आणि ते हस्तलिखित पूर्ण केल्याशिवाय होणार नाही.